एक धड, दोन मुखें

सृष्टीचे नियम नित्याच्या परिचयामुळें आपणांस दिसेनासे होतात. मनुष्यास एक मुख, त्यांत दोन डोळे, एक नाक व एक तोंड असावयाचें, हें आपण इतकें गृहीत धरून चालतों, कीं त्यांत नवल करण्याजोगें कांहीं आहे असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. परंतु फार क्वचित् हा नियम मोडलेला दृष्टीस पडतो, आणि मग आपण थबकतों. जो नियम येथें मोडला तो इतर वेळीं पाळला तरी कसा जातो, हा प्रश्न त्या क्षणीं प्रथम उत्पन्न होतो. ज्यास शास्त्राचा अभ्यास करावयाचा आहे त्यानें ह्या प्रश्नापाशीं थांबलें पाहिजे. भीतीनें किंवा किळसेनें तोंड फिरवून पुढें जातां कामा नये.

प्रस्तुत लेखांत आम्ही अशाच एका विरळा विषयाची माहिती देणार आहों. एकाच धडावर दोन मुखें, किंवा एकाच मस्तकावर दुसरें मस्तक घेऊन जन्मास येणारीं बालकें, हा तो विषय होय. हा विषय शाळेच्या वार्षिकांत कशाला, असें कांहीं पालकांस वाटेल. त्यांस आमचें उत्तर असें, कीं विषय घरांत आधींच येऊन पोंचला आहे. अशा बालकांचीं छायाचित्रें आज मोबाइलवरून घटकाभरांत हजारों हातांत पडतात, व त्यांबरोबर शाप, पाप, अवतार आणि अपशकुन ह्यांच्या कथाहि पसरतात. मुलांच्या कानीं कथा पडावयाच्याच असतील, तर खरी हकीकत त्यांच्या आधीं पडलेली बरी.

प्रथम जुळ्यांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. जुळीं मुलें दोन प्रकारचीं असतात. एका प्रकारांत आईच्या उदरांत दोन निरनिराळीं अंडीं एकाच वेळीं फलित होतात. अशीं मुलें इतर भावंडांइतकींच एकमेकांसारखीं असतात. दुसऱ्या प्रकारांत एकच फलित अंडें आरंभींच्या दिवसांत दुभंगतें व त्याच्या प्रत्येक भागापासून एक पूर्ण मूल तयार होतें. हीं मुलें रूपानें इतकीं सारखीं असतात, कीं शिक्षकांनाहि त्यांची हजेरी घेतांना पंचाईत पडते. हें दुभंगणें गर्भधारणेपासून सुमारें तेरा दिवसांच्या आंत झालें, तर दोन्ही मुलें सुटीं होतात. त्याहून उशीर झाला तर तें अपुरें राहतें आणि मुलें एकमेकांस जोडलेलीं जन्मतात. हें सर्वमान्य मत होय. तथापि सुटे झालेले दोन गर्भ पुन्हा एकमेकांस चिकटत असावेत, असें मानणारेहि कांहीं शास्त्रज्ञ आहेत. अशीं जोडलेलीं जुळीं पन्नास हजार ते एक लाख जन्मांत एखादे वेळीं आढळतात, असा साधारण अंदाज आहे.

जोडलेल्या जुळ्यांस 'सयामी जुळे' म्हणण्याचा जो प्रघात पडला, तो चँग व एंग ह्या दोघां भावांवरून. त्यांचा जन्म 1811 सालीं सयाम देशांत, म्हणजे आजच्या थायलंडांत, झाला. त्यांच्या छातीच्या खालच्या बाजूस मांसाचा एक जाड पट्टा होता व तेवढ्यानेंच ते जोडलेले होते. कांहीं वर्षें गांवोगांव लोकांपुढें उभें राहून त्यांनीं पैसा मिळविला. पुढें तो धंदा सोडून अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना प्रांतांत जमीन घेतली, दोघां सख्ख्या बहिणींशीं विवाह केले आणि शेतकरी म्हणून संसार थाटला. दोघांचीं मिळून एकवीस मुलें होतीं. 1874 सालीं, बासष्ट वर्षांचे होऊन, ते एकाच दिवशीं कांहीं तासांच्या अंतरानें वारले. जोडलेलें शरीर म्हणजे व्यर्थ गेलेला जन्म, असें ज्यांस वाटतें त्यांनीं हें चरित्र ध्यानांत ठेवावें.

परंतु सर्वांचें नशीब असें नसतें. जोड कोठें पडला आहे, यावर सारें अवलंबून असतें. छाती जोडलेली असेल तर बहुधा हृदयाचा प्रश्न येतो. मस्तक जोडलेलें असेल तर मेंदूचा. मस्तकाशीं जोडलेल्या जुळ्यांपैकीं एकाची वाढ कधीं कधीं मस्तकापुरतीच होते व धड तयारच होत नाहीं. असें अपूर्ण मस्तक आपल्या भावंडाच्या रक्तावर पोसलें जातें. ह्या प्रकाराचें इतिहासांतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आपल्याच देशांतील आहे.

1783 सालच्या मे महिन्यांत, बंगाल प्रांतीं बरद्वानच्या मुलखांत एका खेड्यांतील गरीब कुटुंबांत एक मुलगा जन्मास आला. त्याच्या मस्तकावर दुसरें मस्तक उलटें बसविल्यासारखें होतें. वरच्या मस्तकाची मान आकाशाकडे झालेली असून ती एका लहानशा गोल गांठींत संपत होती. त्याच्या पुढें धड नव्हतें. सुईण इतकी भ्याली, कीं तिनें त्या अर्भकास विस्तवांत टाकलें. त्यास लागलींच बाहेर काढण्यांत आलें. परंतु वरच्या मस्तकाचा एक डोळा व एक कान भाजलाच. पुढें आईबाप त्यास घेऊन कलकत्त्यास आले. त्यास पाहण्यासाठीं लोकांची झुंबड उडे व त्यावर घरच्यांचें पोट चाले. फुकट पाहूं इच्छिणारांची गर्दी फार झाल्यामुळें इतर वेळीं त्या मुलास वस्त्राखालीं झांकून ठेवीत. म्हणजे त्या बालकाचे कित्येक तास कापडाच्या अंधारांत गेले असतील, ह्याचा विचार वाचकांनींच करावा.

मूल अशक्त होतें, तरी खालच्या मस्तकाचे व्यापार इतर मुलांसारखेच चालत. वरच्या मस्तकाविषयीं ज्या गोष्टी लिहून ठेवल्या गेल्या त्या अभ्यासास योग्य आहेत. आई मुलास पाजूं लागली कीं वरचे ओठहि चोखण्याचा प्रयत्न करीत. वरच्या डोळ्यांस पाणी येई व वरच्या तोंडांत लाळ सुटे. मूल झोंपलें तरी वरच्या पापण्या पुऱ्या मिटत नसत व डोळे हालत राहत. खालचें मुख रडलें किंवा हंसलें तरी वरच्या मुखावर तोच भाव उमटेलच असें नसे. ह्यावरून दोन्ही मस्तकांस रक्ताचा पुरवठा एकच असला, तरी दोहोंचे मज्जाव्यापार बऱ्याच अंशीं वेगळे होते, असें अनुमान निघतें.

हा मुलगा सुमारें चार वर्षांचा झाला. एके दिवशीं आई पाणी आणावयास गेली असतां त्यास नाग चावला व त्यांत त्याचा अंत झाला. त्याचें व्यंग त्याच्या मृत्यूस कारण झालें नाहीं. त्या काळीं बंगालच्या कोणत्याहि खेड्यांतील कोणतेंहि मूल जसें दगावे तसेंच तें दगावलें. तमलुक गांवाजवळ रूपनारायण नदीच्या कांठीं त्यास पुरलें. शरीर विकत द्या म्हणून पूर्वीं कित्येकांनीं आईबापांस गळ घातली होती; परंतु धर्मास सोडून होईल म्हणून त्यांनीं ती मानली नव्हती. तरी ईस्ट इंडिया कंपनीचा डेन्ट नांवाचा मिठाचा अंमलदार होता त्यानें तें थडगें उकरून शरीर काढलें व चिरून पाहिलें. कवटी त्यानें कॅप्टन ब्युकॅनन ह्यास दिली, त्यानें ती विलायतेस नेली, आणि तेथून ती शस्त्रवैद्य एव्हरार्ड होम ह्याच्या हातीं आली. होम हा सुप्रसिद्ध शस्त्रवैद्य जॉन हंटर ह्याचा मेहुणा. त्यानें 1790 सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेंत हा वृत्तान्त छापला. शरीर चिरले वेळीं दोन्ही मेंदु स्वतंत्र आढळले होते, प्रत्येकावर त्याचें वेगळें आवरण होतें, व खालच्या मेंदूच्या आवरणांतून रक्तवाहिन्या वर जाऊन वरच्या मेंदूस पोशीत होत्या, असें त्यांत नमूद आहे. ती जोडकवटी आजहि लंडन येथील हंटरच्या संग्रहालयाच्या मालकीची आहे.

ह्या वृत्तान्तांत अंमलदाराचें नांव आहे, कप्तानाचें आहे, शस्त्रवैद्याचें आहे. मुलाचें नांव मात्र नाहीं. त्याच्या आईनें त्यास कांहीं तरी हाक मारली असेलच. परंतु ती लिहून घेण्याची आवश्यकता कोणासहि भासली नाहीं. शास्त्राची सेवा करणारांस आम्ही मान देतों. पण ज्या ज्ञानाची पहिली पायरी आईबापांचा नकार तुडवून घातली गेली, त्या ज्ञानाचें ऋण आपल्यावर अधिक आहे, हेंहि विसरूं नये.

आतां आपल्या मुख्य विषयाकडे वळूं. वरील मुलाच्या ठिकाणीं दोन मस्तकें होतीं, म्हणजे तें खरोखर अपूर्ण जुळें होतें. ह्याहूनहि विरळा असा एक प्रकार आहे. त्यांत धड एक, हातपाय नेहमीचे, कवटी बहुधा एकच. परंतु मुखाचे अवयव दुहेरी असतात. कधीं केवळ नाक दुहेरी असतें, कधीं तोंडें दोन असतात, आणि कधीं दोन पूर्ण मुखें एकमेकांस लागून असून चार डोळे दिसतात. शास्त्रज्ञ ह्यास 'डायप्रोसोपस' म्हणतात. ग्रीक भाषेंत 'प्रोसोपॉन' म्हणजे मुख. तेव्हां ह्या शब्दाचा अर्थ 'द्विमुख' इतकाच आहे. जोडलेल्या जुळ्यांच्या सर्व प्रकारांत हा अत्यंत दुर्मिळ समजला जातो. अशा गर्भांत मेंदूची व हृदयाची रचनाहि पुष्कळदां बिघडलेली असते. त्यामुळें बहुतेक बालकें मृतच जन्मतात किंवा थोड्याच वेळांत जातात.

हें कसें घडतें, हें कळण्यास आधीं आपलें एक मुख कसें घडतें तें कळलें पाहिजे. गर्भ चार आठवड्यांचा असतां तांदळाच्या दाण्याहून फारसा मोठा नसतो, व त्यास मुख असें नसतेंच. पुढें जेथें तोंड व्हावयाचें तेथें एक खळगा असतो आणि त्याच्या भोंवतीं पांच उंचवटे येतात : एक वरून, कपाळाच्या बाजूनें, दोन वरच्या जबड्याचे, उजवीडावीकडून, आणि दोन खालच्या जबड्याचे. हे पांचहि उंचवटे वाढत वाढत मध्यरेषेकडे येतात व एकमेकांस मिळतात. डोळे आरंभीं माशासारखे दोन बाजूंस असतात, ते हळूहळू पुढें येतात. आठवा आठवडा संपावयास येतो तेव्हां गर्भ उणापुरा एक इंच असतो, पण त्याचें मुख मनुष्याचें म्हणून ओळखूं येतें. विद्यार्थ्यांनीं आरशासमोर उभें राहून नाकाच्या खालीं व वरच्या ओठाच्या वर जी उभी पन्हळ असते ती पाहावी. वरून आलेल्या उंचवट्याच्या दोन बाजू मिळाल्या, ती ही जागा. हा सांधा आपण प्रत्येक जण जन्मभर मुखावर वागवीत असतों. ह्या मधल्या भागाची वरच्या जबड्याच्या उंचवट्याशीं होणारी जुळणी एका बाजूस अपुरी राहिली, म्हणजे मूल फाटलेल्या ओठाचें जन्मतें.

पण उजवें कोठें, डावें कोठें व मध्य कोठें, हें त्या इवल्याशा मांसपिंडास कोण सांगतें? ह्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास मनुष्यास फार शतकें लागलीं. दोन गर्भ जवळजवळ असल्यामुळें ते जोडले जातात, असा तर्क ॲरिस्टॉटलनें प्राचीन काळींच केला होता. फ्रान्समधील शस्त्रवैद्य आंब्रवाज पारे ह्यानें 1573 सालीं अशा जन्मांवर एक ग्रंथ लिहिला. त्यांत ईश्वराचा कोप, आईच्या मनांतील कल्पना, गर्भाशयाची अरुंद जागा, अशीं तेरा कारणें दिलीं आहेत. खरें व खोटें त्यांत एकाच टोपलींत भरलें आहे. पुढें एकोणिसाव्या शतकांत पॅरिसच्या एत्येन जोफ्र्वा सँतिलेर ह्यानें कोंबडीचीं अंडीं उबत असतांना त्यांत मुद्दाम फेरफार करून विकृत पिल्लें निपजतात कीं काय, हें पाहिलें. आणि त्याचा पुत्र इझिडोर ह्यानें ह्या सर्व विकृतींचें वर्गीकरण करून त्या विद्येस 'टेराटॉलजी' हें नांव दिलें. विकृतीलाहि नियम असतो, ती स्वैर नसते, हा त्या पितापुत्रांचा मोठा सिद्धान्त होय. त्या दिवसापासून ज्यास लोक राक्षस म्हणत होते, तो अभ्यासाचा विषय झाला.

पुढचें पाऊल जर्मनींत हान्स श्पेमान ह्यानें टाकलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यानें न्यूट नांवाच्या, पालीसारख्या दिसणाऱ्या पाणथळ प्राण्याच्या अंड्यांवर प्रयोग केले. हत्यार म्हणून त्यानें तान्ह्या मुलाचा एक मऊ केंस घेतला. अंड्याचे दोन भाग झाले, कीं तो केंस त्यांच्या मधोमध फांसासारखा घालून हळूच आवळावयाचा. फांस योग्य दिशेनें व पुरा आवळला, तर दोन लहान पण पूर्ण प्राणी निपजत. अर्धवट आवळला, तर एका धडावर दोन मस्तकें असलेला प्राणी निपजे. एका केंसाच्या ताणानें एकाचे दोन होतात, हें जगास प्रत्यक्ष दिसलें. त्यासाठीं कोणाचाहि शाप लागला नाहीं.

परंतु फांसाची दिशा बदलली, तर एका भागाचा पूर्ण प्राणी होई व दुसऱ्याचा नुसता पोटाचा गोळा राही. ह्यावरून अंड्याच्या एका विशिष्ट जागेंत सर्व मांडणीचें सूत्र आहे, असें श्पेमानच्या लक्षांत आलें. त्याची विद्यार्थिनी हिल्डे मँगोल्ड हिनें एका गर्भाच्या त्या जागेंतील बारीकसा कण काढून दुसऱ्या गर्भाच्या पोटाच्या बाजूस बसविला. तेथें दुसरा पाठीचा कणा व दुसरा मज्जारज्जु तयार झाला, आणि तोहि बव्हंशीं यजमान गर्भाच्याच पेशींतून. तो कण मजूर नव्हता, मुकादम होता. हा निबंध 1924 सालीं प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं स्वयंपाकघरांतील स्टोव्हच्या अपघातांत भाजून मँगोल्ड वारली. तिचें वय अवघें पंचवीस होतें. 1935 सालीं ह्या शोधाबद्दल श्पेमानला नोबेल पारितोषिक मिळालें.

हा मुकादम हुकूम देतो तरी कोणत्या भाषेंत? त्याचीहि कांहीं उकल झाली आहे. पेशी एकमेकींस रासायनिक द्रव्यांच्या द्वारें निरोप पाठवितात. अशा द्रव्यांपैकीं एकास 'सॉनिक हेजहॉग' असें विचित्र नांव आहे. मुलांच्या परिचयाच्या एका व्हिडिओ-खेळांतील पात्रावरून तें पडलें. मुखाची मध्यरेषा व रुंदी ठरविण्यांत ह्या द्रव्याचा मोठा वांटा आहे. तें फार कमी पडलें तर मुख मध्याकडे आक्रसतें व टोंकाच्या प्रसंगीं दोन डोळ्यांचा एकच होतो. कोंबडीच्या गर्भांत तें वाजवीपेक्षां अधिक दिलें तर मुख रुंदावतें व डोळे दूर जातात. ह्याच रुंदावण्याची परमावधि म्हणजे मुखाचे अवयव दुहेरी होणें, असें कांहीं शास्त्रज्ञ मानतात. इतर कांहींचें म्हणणें असें, कीं पाठीच्या कण्याचा पूर्वरूपी जो दोरा गर्भांत असतो, त्याचें वरचें टोंक दुभंगल्यामुळें दोन पूर्ण मुखें होतात. बहुधा सर्व द्विमुख बालकांचें कारण एकच नसावें. आणि मनुष्यांतील प्रत्येक उदाहरणाचा उलगडा अद्याप व्हावयाचा आहे.

द्रव्य कमी पडण्याचें एक उदाहरण शेतकऱ्यांच्या अनुभवांतून आलें, तें सांगण्यासारखें आहे. अमेरिकेंतील आयडाहो प्रांतांत 1950 नंतरच्या दशकांत मेंढपाळांस एक डोळा असलेलीं कोंकरें होऊं लागलीं. मेंढपाळांस हें घराण्यांतील वैगुण्य वाटे. शास्त्रज्ञांनीं त्या कुरणांत कित्येक उन्हाळे घालविले, तेव्हां रानांतील एक वनस्पति मेंढी गाभण राहिल्यापासून चौदाव्या दिवसाच्या सुमारास खाते व तिच्यांतील विषानें कोंकराचें मुख बिघडतें, असें आढळलें. तो विशिष्ट काळ टाळून कळप त्या रानांत सोडले म्हणजे झालें. पुढें 1990 नंतरच्या दशकांत कळलें, कीं तें विष नेमका ह्याच द्रव्याचा निरोप अडवितें. कारण कळलें म्हणजे कलंक जातो, तो असा.

द्विमुख प्राणी जगतच नाहीं, असेंहि म्हणतां येत नाहीं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत 1999 सालीं दोन मुखांचें एक मांजर जन्मलें. त्यास दोन तोंडें, दोन नाकें व तीन डोळे होते. पैकीं मधल्या डोळ्यास दिसत नसे. मेंदु एकच होता व अन्ननलिका एकाच तोंडास जोडलेली होती. जन्मल्यावर दुसऱ्याच दिवशीं त्यास मारून टाकण्यासाठीं पशुवैद्यांकडे आणलें. परंतु तेथील एका परिचारिकेनें त्यास घरीं नेऊन नळीनें दूध पाजून वाढविलें. तें पंधरा वर्षें जगलें व 2014 सालीं वारलें. अशा मांजरांत इतकें दीर्घायुषी दुसरें नोंदलेलें नाहीं. येथें निसर्गानें जें दिलें नाहीं तें एका बाईच्या चिकाटीनें भरून काढलें.

आतां पालकांशीं दोन शब्द. 2008 सालीं उत्तर प्रदेशांतील एका खेड्यांत दोन मुखांची मुलगी जन्मली. तिला दोन नाकें, दोन तोंडें व चार डोळे होते. लोकांनीं तिला देवीचा अवतार मानलें व दर्शनास रांगा लागल्या. दोन महिन्यांतच ती मुलगी वारली. बंगालच्या सुइणीनें मुलास विस्तवांत टाकलें, येथें लोकांनीं मुलीपुढें हात जोडले. दुसरी वृत्ति पहिलीहून कितीतरी बरी, ह्यांत शंका नाहीं. तथापि दोहोंत एक साम्य आहे. राक्षस म्हटलें काय किंवा देवता म्हटलें काय, मूल तें मूलच. त्यास ऊब पाहिजे, दूध पाहिजे, निजण्यास शांतता पाहिजे व वैद्य पाहिजे. गर्दीनें ह्यांपैकीं कांहींहि मिळत नाहीं.

आपल्याकडे ग्रहणांत गर्भवतीनें विळी धरूं नये, भाजी चिरूं नये, नाहींतर मुलाचा ओठ फाटतो, अशी समजूत अद्याप पुष्कळ घरीं आहे. ग्रहणांत कोणी विश्रांति घेतली तर आमचें कांहीं म्हणणें नाहीं. परंतु ह्या समजुतीची दुसरी बाजू क्रूर आहे. मुलांत कांहीं उणें निघालें, कीं सासर आणि शेजार त्या बाळंतिणीसच विचारूं लागतात, 'तूं त्या दिवशीं काय केलेंस?' वर सांगितल्याप्रमाणें मुख घडतें तें दुसऱ्या महिन्याच्या अखेरीपर्यंत, आणि जुळ्यांचा जोड पडतो तो पहिल्या पंधरवड्यांत, म्हणजे आपण गर्भवती आहों हें त्या माउलीस कळण्याच्याहि आधीं. चंद्रसूर्याच्या सांवलीचा त्याशीं कांहींएक संबंध नाहीं. असें जोडलेलें बालक एकदां झालें म्हणून पुन्हा तसेंच होईल, असेंहि नसतें. हा दोष सहसा वंशपरंपरेनें येत नाहीं. तेव्हां आईस दोष देणें हें अज्ञान तर आहेच, पण अन्यायहि आहे.

करण्यासारखें जें आहे तें साधें आहे. गर्भधारणेपूर्वींपासून व पहिले तीन महिने डॉक्टरांच्या सल्ल्यानें फोलिक ॲसिड घेतलें असतां गर्भाच्या मज्जारज्जूचे कांहीं गंभीर दोष पुष्कळ अंशीं टळतात, हें 1991 सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चांचणीनें सिद्ध झालें आहे. द्विमुखता त्यानें टळते असें मात्र कोणी म्हणूं शकत नाहीं. सोनोग्राफीनें जोडलेल्या जुळ्यांची कल्पना पुष्कळदां आधीं येते, व मग प्रसूति कोठें व कशी करावी हें ठरवितां येतें. फाटलेला ओठ तर आज शस्त्रक्रियेनें उत्तम सांधला जातो. त्यासाठीं मुलास घरांत लपवून ठेवण्याचें कांहींच कारण उरलेलें नाहीं.

विद्यार्थ्यांस आमचें सांगणें ह्याहूनहि थोडें आहे. द्विमुख बालक तुमच्यापैकीं बहुतेकांच्या दृष्टीस जन्मांत पडणार नाहीं. परंतु फाटलेल्या ओठाचें, तिरळ्या डोळ्यांचें, भाजलेल्या गालाचें, वेगळ्या चेहऱ्याचें मूल तुमच्या गल्लींत असेल, किंवा पुढल्या जूनमध्यें तुमच्याच वर्गांत येऊन बसेल. त्याच्याकडे टक लावून पाहूं नये व पाहून न पाहिल्यासारखेंहि करूं नये. त्याचें चित्र काढून इतरांस पाठवूं नये, आणि दुसऱ्यानें पाठविलें तर तें आपल्यापाशींच थांबवावें. त्याच्या चेहऱ्यावरून त्यास नांव पाडूं नये. त्याच्या आईबापांनीं ठेवलेलें नांव त्यास आहे. तें विचारून घ्यावें, आणि त्या नांवानें त्यास खेळावयास बोलवावें.